दुलईची चौथी बाजू

एप्रिलमधला रविवार होता. दुकान बंद होतं, म्हणजे नावापुरतं. शटर अर्धं वर होतं, कारण रस्त्यानं जाणारे यात्रेकरू दिसल्याशिवाय माझ्या बापाला सकाळची कॉफी जात नसे. नाहेरातलं आमचं दुकान पुलाजवळ, अगदी सान्तियागोच्या पायी यात्रेच्या वाटेवर आहे. पाठीवर पिशव्या घेतलेली देशोदेशीची माणसं दारावरून पश्चिमेकडे जातात, आणि पापा, म्हणजे इलारिओ गादीवाला, दारात स्टूल टाकून त्यांच्या तोंडाकडे बघत त्यांच्या झोपेचं निदान करत बसायचा. हा झोपलेला नाही. ही झोपली, पण उशी चुकीची. त्या लांबड्याच्या शेजारी रात्रभर कुणीतरी घोरत होतं.

गावातली बाकीची माणसं सकाळी भेटली की कसं काय म्हणतात. पापा विचारायचा, "झोप कशी झाली?" पाववाल्याला, फादरना, बँकेतल्या मुलीला, सगळ्यांना. निम्म्या गावाच्या लोकरीच्या गाद्या त्याच्या हातच्या होत्या, तेव्हा ती विचारपूस कमी आणि धंद्याची चौकशी जास्त असे. लोकही मन लावून उत्तर देत. मलाही तो रोज विचारायचा, कॉफीचा कप टेबलावरून माझ्याकडे सरकवताना. आणि मी रोज म्हणायचे, "ठीक."

त्याहून जास्त काही म्हणण्यासारखं नव्हतं. मला लहानपणापासूनच नीट झोप लागत नाही. घरात दर उन्हाळ्यात नव्यानं झोडपून भरलेली, गावातली सगळ्यांत मऊ गादी माझी, आणि मी तिच्यावर डोळे उघडे ठेवून पडलेली. पुढे मी गावच्या वाचनालयात ग्रंथपाल झाले त्यालाही तेच कारण असावं, रात्री करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. खोटं बोलले असते तर पापाला लगेच कळलं असतं. त्यामुळे ठीक. तो मान हलवायचा आणि दुसऱ्या खेपेला गादीत काहीतरी बदल करायचा. थोडी लोकर जास्त, थोडी कमी, टाके जरा सैल. गिऱ्हाइकांना सांगायचा, अख्ख्या गावाला झोपवलं, घरातली एक तेवढी राहिलीय.

त्या वर्षी मी ठरवलं होतं की मे महिन्यात सगळी रजा एकदम घ्यायची आणि घराच्या दारातून निघून सान्तियागोपर्यंत चालत जायचं. आमच्याकडे आयुष्यात एकदा तरी जावं म्हणतात, पण बहुतेकांचं राहून जातं. मी निघणार म्हटल्यावर पापानं एकच प्रश्न विचारला, अंगावर काय घेणार?

म्हणून त्या रविवारी दुकानातल्या लांब टेबलावर तीन स्लीपिंग बॅगा पसरलेल्या होत्या. लोग्रोन्योच्या खेळाच्या सामानाच्या दुकानातून मी त्या बघायला म्हणून आणल्या होत्या, दोन परत करायच्या बोलीवर. चालणाऱ्यांचा नियम असा की पाठीवरचं ओझं अंगाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त नसावं. मी मुळात चिमणीएवढी, तेव्हा माझा दहावा हिस्सा तो केवढासा. एकेक ग्रॅम वाचवायचा होता.

पापानं पहिली बॅग उचलली आणि छताला टांगलेल्या लोकर तोलायच्या काट्याच्या आकड्याला अडकवली. काटा हलला नाही. त्यानं काट्यावर टिचकी मारून पाहिली. मग बॅग काढून मला परत दिली आणि म्हणाला, "कासी, यात झोप भरायची राहून गेलीय बघ."

मी त्याला समजावलं की हा काटा मेंढ्यांच्या लोकरीचा आहे, किलोखाली त्याला काही कळत नाही. तो म्हणाला, मग त्याचं आणि माझं एकमत आहे.

दुसरी बॅग त्यानं कानाशी धरून चुरगाळली. चुरचुर आवाज झाला. ही घेऊन कूस बदललीस, तर अख्ख्या धर्मशाळेला वाटेल कुणीतरी पांघरुणात लपून वेफर्स खातंय, असा त्याचा निकाल पडला. तिसरी हंसाच्या पिसांची होती, खाली निमुळती, वर डोक्याला टोपी. तीच मला घ्यायची होती. पापानं बूट काढले, टेबलावर चढला आणि आत शिरला. चेन हनुवटीपर्यंत ओढून घेतली आणि ती तिथंच अडकली.

मी ओढून पाहिली, त्यानं आतून ढकलून पाहिली. त्याचे हात आत होते, नाकावर पीस आलं होतं आणि त्याला शिंक येत होती. तेवढ्यात शटरखालून वाकून विसी आत्या आत आली. ही पापाची मोठी बहीण. दर रविवारी राजम्याचा रस्सा घेऊन यायची, आणि सोबत वाढायला दोन-चार टोमणे. टेबलावर गुंडाळून पडलेला भाऊ तिनं पाहिला, पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाली, "इतकी कसली घाई आहे रे तुला? आधी जेव तरी."

मग आम्ही तिघं इतके हसलो की चेन सोडवायला कुणाच्याच हातात जोर राहिला नाही. शेवटी आत्यानं केसातली पिन घालून ती काढली. बाहेर आल्यावर पापाचे केस सगळे उभे राहिले होते. त्यावरूनही आम्ही पुन्हा हसलो.

जेवण झालं, आत्या भांडी विसळायला लागली, तेव्हा पापा मागच्या खोलीत गेला आणि हातांवर काहीतरी घेऊन आला. जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या चादरीची खोळ, आत लोकर, मध्ये मध्ये गादीला घालतात तसे गाठीचे टाके. दुलई होती ती. माझ्या मापाची, म्हणजे आखूड. तीन बाजू पक्क्या शिवलेल्या, चौथी अजून उघडी. महिनाभर तो मागच्या खोलीत काय करत होता ते तेव्हा कळलं.

मी ती स्वयंपाकघरात नेऊन पीठ मोजायच्या काट्यावर ठेवली. ती चारी बाजूंनी खाली ओघळली, आत्यानं टोकं गोळा करून वर टाकली. दीड किलो. पिसांच्या बॅगेच्या तिप्पट. माझ्या दहाव्या हिश्श्यातला जवळजवळ एक तृतीयांश तिनं एकटीनंच खाल्ला होता.

मी म्हटलं की पापा, सुंदर झालीय, पण ही मी नेऊ शकत नाही. त्यानं वाईट वाटून घेतलं नाही. वाद घालायला मिळाला की तो खुशीत असायचा. त्याचं म्हणणं असं, की अंगावर काहीतरी पडल्याशिवाय अंगाला कळत कसं की आता थांबायचं आहे? पिसांचं ते पांघरूण म्हणजे कुणी लांबून निजा म्हणाल्यासारखं. त्यावर माझं म्हणणं, की डोंगर पापाला नाही, मला चढायचे आहेत. आत्या मधेच म्हणाली की हिनं पिशवीत तीन पुस्तकं घातलीत, आधी ती काढायला सांग. मी म्हटलं पुस्तकांचं नाव काढायचं नाही.

"बरं," पापा म्हणाला. "एक रात्र झोपून बघ. सकाळी मी विचारीन, तू सांग. ठीक आलं, तर ने ती पिसांची."

मी म्हटलं, उद्या. चौथी बाजू तरी आधी शिवून होऊ दे.

संध्याकाळी तो दारातल्या उजेडात बसून शिवत होता. मी वर जाऊन वाचत पडले. शटर खाली आल्याचा आवाज ऐकला.

सकाळी पापा उठला नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेला, पहाटेच्या सुमारास, काही कळलं नसेल. गावात जो तो म्हणत होता, गादीवाल्याला शोभेसं मरण. मलाही ते पटत होतं. फक्त कॉफी करताना माझ्या हातून दोन कप काढले गेले, आणि ते बरेच दिवस काढले जात राहिले.

मे महिन्यातली रजा मी रद्द केली. स्लीपिंग बॅगा परत दिल्या, पिसांची तेवढी ठेवून घेतली, का ते माहीत नाही. दुलई दुकानातल्या टेबलावर घडी करून पडून होती. पूर्वी झोप नीट लागत नसे, आता ती यायचीच बंद झाली. उन्हाळा संपत आला तेव्हा विसी आत्या एकदा वाचनालयात आली, परत करायचं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली की इलारिओ आज दारात बसला असता तर तुझं तोंड बघून त्यानं स्टूल आत नेलं असतं. सप्टेंबर अजून मोकळा आहे, तेव्हा जा.

सामान भरायला तीच आली. टेबलावर एका बाजूला पिसांची बॅग, दुसऱ्या बाजूला दुलई. मी दोन्हींकडे बघत उभी होते.

"ती लोकर कुठली ते विचारलंस कधी त्याला?" आत्यानं विचारलं.

मी चार वर्षांची असताना आई गेली. ती कामेरोसच्या डोंगरातली, मेंढरांच्या मुलखातली. तिच्या वेळी मुलगी सासरी जाताना गादीपुरती लोकर घेऊन जाई. ती लग्नातली गादी पापा दर उन्हाळ्यात उसवायचा, लोकर धुऊन वाळवायचा, झोडपायचा, पुन्हा भरायचा, आणि तिच्यावरच झोपायचा. हे मला माहीत होतं. त्यानं दुलईसाठी त्यातली लोकर काढली हे माहीत नव्हतं.

"स्वतःची गादी पातळ करून बसला, गाढव," आत्या म्हणाली. लगेच तिनं माझ्या पिशवीतली तिन्ही पुस्तकं बाहेर काढली आणि काखेत मारली. "ही मी वाचते. कंटाळवाणी असली तर तुला पत्रानं कळवीन."

दुलई आत बसली. कोपऱ्यात पापाची काठी उभी होती, लोकर झोडपायची, हेझलच्या झाडाची, लवचिक, टोकाला किंचित वाकलेली. ती मी चालायला म्हणून घेतली.

पहिल्याच दिवशी मी जरुरीपेक्षा जास्त चालले आणि ग्रान्योनला पोचले. तिथं चर्चच्या मनोऱ्यात, जमिनीवर पातळ चटया टाकून झोपतात. सगळ्यांनी मिळून मसुराचं सूप केलं, सगळ्यांनी मिळून भांडी घासली. माझ्या एका बाजूला इत्झियार होती, ओन्दारोआची, मच्छीमारांची जाळी विणणारी, साठीची, खणखणीत आवाजाची. दुसऱ्या बाजूला एस्बेन नावाचा डेन्मार्कचा निवृत्त पोस्टमन, सहा फुटांहून उंच, दाढीवाला, ज्याला आमच्या भाषेतले दहा-बारा शब्द येत होते आणि ते सगळे खाण्याचे होते. एस्बेन घोरायचा. मनोऱ्यात आवाज घुमतो. मी दुलई ओढून छताकडे बघत पडले. दुलई जड होती, ऊबदार होती, आणि मी जागी होते. इतक्या लांब येऊन पापाला सांगायचं ते तेच, ठीक.

उजाडताना डुलकी लागली असावी. जाग आली ती इत्झियारच्या आवाजानं.

"अगं ए, रात्री इथं मेंढी शिरली होती का?"

उठून बसले तर सगळीकडे लोकर. माझ्या पायांवर, इत्झियारच्या बुटांत, खिडकीत. दुलईची एक बाजू पूर्ण उघडी पडली होती आणि त्या बाजूचा दोरा जमिनीवरून सरळ दाराकडे गेला होता. दोऱ्यामागून गेले. जिन्याच्या वरच्या पायरीवर एस्बेन उभा होता, खांद्यावर पिशवी, दाढीत लोकरीचे पुंजके. दोऱ्याचं टोक त्याच्या स्लीपिंग बॅगेच्या चेनमध्ये अडकलं होतं आणि तो सकाळी लवकर, कुणाची झोप मोडू नये म्हणून हलक्या पावलांनी चालत आला होता.

तो मोठा माणूस इतका गोंधळला की त्याला येत होते ते शब्द एकामागून एक बाहेर आले. पाव, म्हणाला. चीज. मग शिंकला.

सगळे हसत होते. मला हसता येईना. पापाचे शेवटचे टाके होते ते. त्या संध्याकाळचे, दारातल्या उजेडातले.

लोकर गोळा करून मी खाली चर्चच्या अंगणात गेले आणि खोळ मांडीवर घेऊन बसले. उरलेल्या तीन बाजू बोटांनी चाचपून पाहिल्या. पक्के, दुहेरी टाके, कात्री लावल्याशिवाय निघणार नाहीत असे. आणि चौथ्या बाजूला फक्त भोकं, लांब लांब अंतरावर. दोरा तुटलेला नव्हता, टोकाला गाठच नव्हती. त्यानं तिथं एक सुटी शेपटी सोडली होती. एक ओढ दिली की अख्खी बाजू उघडावी अशी.

गिऱ्हाइकांच्या गाद्या तो अशाच शिवायचा. लोकर वर्षभरात दबते, तिच्या गाठी होतात, ती बाहेर काढावीच लागते, तेव्हा चौथी बाजू कधी पक्की करायची नसते. पण ते गादीचं. शेकडो मैल पिशवीतून कोंबून न्यायच्या पांघरुणाला असली शिवण कोण घालेल? ज्याच्या हातांनी जन्मात दुसरं काही शिवलेलं नाही तोच. त्याच्या मनात आलंही नसेल की ही उघडायची नाही.

तिथं मला हसू आलं. एकटीच हसत बसले होते, तेव्हा इत्झियार कॉफी घेऊन आली आणि काय झालं म्हणून विचारू लागली. मी सगळं सांगितलं, पापाचं, आईच्या गादीचं, ठीकचं. ती मधे बोलली नाही, आणि ते तिला किती जड जातं हे नंतर मला कळलं.

मग मी अंगणात चादर पसरली, तिच्यावर लोकर टाकली आणि पापाची काठी घेतली. लहानपणापासून हजारदा पाहिलं होतं, केलं कधीच नव्हतं. काठी उचलायची, सोडायची, टोकानं लोकर हलकेच उडवायची. सप्, सप्. तो आवाज आमच्या उन्हाळ्याचा आवाज आहे. पहिले काही फटके जमिनीलाच बसले. मग हात बसला. दबलेली लोकर उलगडू लागली, फुगू लागली, पिशवीएवढा ढीग पोत्याएवढा झाला. निघायच्या घाईत असलेली माणसं थांबून बघू लागली. एस्बेनला प्रायश्चित्त हवं होतं, त्यानं खुणेनं काठी मागितली आणि असा फटका मारला की अर्धी लोकर कुंपणावर गेली. पत्रं अशीच वाटायचास का रे, असं इत्झियारनं त्याला विचारलं. त्याला कळलं नाही, पण तो हसला.

शिवायला तिच्याकडे दोरा होताच, जाळ्याचा, निळा. पक्की शिवण घालू का म्हणाली. मी म्हटलं, नको, पापासारखीच राहू दे.

दुलईत सगळी लोकर परत मावली नाही. फुगलेली लोकर जागा जास्त घेते. मूठभर उरली ती हातात घेऊन मी उभी असताना इत्झियारनं बूट काढला. तिच्या अंगठ्याशेजारी नाण्याएवढा फोड आला होता. तिच्या आजीकडे मेंढ्या होत्या, तेव्हा फोडाला लोकरीचा आधार देतात हे तिला माहीत होतं. तिनं माझ्या हातातली चिमूटभर लोकर घेतली, बोटांच्या मध्ये खुपसली, मोजा चढवला, चार पावलं चालून पाहिली आणि म्हणाली, "तुझ्या आईचे उपकार."

दोन मुक्कामांत ही बातमी आमच्या पुढे पळाली. संध्याकाळी धर्मशाळेत पोचले की कुणी ना कुणी पाय पुढे करून बसलेलं असे. लोकरवाली आली म्हणत. एक कोरियन मुलगी, सेव्हियाचे दोन भाऊ जे आपसात बोलत नव्हते पण फोड दोघांनाही होते, निवृत्त न्यायाधीशबाई. मी शेपटी ओढायची, बाजू उघडायची, मूठ काढायची, पुन्हा शिवायची. पहिल्या काही मुठी देताना हात आखडत होता, ते आईचं होतं, आणि पापाचं. आईकडची लोकर अनोळखी लोकांच्या मोज्यांत चालली आहे, हे आत्याला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली की तुझ्या आईला चालायचा भारी कंटाळा होता, आता बरी सापडली. आणि पहिलं पुस्तक खरंच कंटाळवाणं आहे.

बदल्यात लोक काही ना काही देत. अंजिरं, चीजचा तुकडा, पाण्याच्या नळापर्यंत पिशवी उचलणं. सेव्हियाचे भाऊ लोकर वाटून घेण्यावरून भांडले आणि त्यामुळे का होईना बोलायला लागले. मेसेताच्या सपाट रानात, जिथं दिवसभर सावली नसते, इत्झियार मोठ्यानं गात चालायची आणि एस्बेन चुकीच्या ठिकाणी साथ द्यायचा. एवढी हसले नव्हते मी कित्येक महिन्यांत. कारिओनच्या एका दुकानात अंजिरं घेताना मी दुलई काट्यावर ठेवायला सांगितली. म्हातारा दुकानदार चश्मा वर करून म्हणाला, हे कुठलं फळ? किलोच्या खाली आली होती. माझे खांदे मला ते आधीच सांगत होते.

झोप मात्र नव्हती. तुकडे तुकडे, पहाटेची डुलकी. रोज सकाळी इत्झियार माझ्याकडे बघे आणि विचारत नसे. तिला आता माहीत होतं.

लेओन मागे पडलं तसे डोंगर आले आणि रात्री गार होऊ लागल्या. दुलई एव्हाना पातळ झाली होती, उजेडात धरली तर टाक्यांजवळ आरपार दिसायचं. आता कुणाला दिलीस तर मी तुझे हात बांधीन, असं इत्झियारनं बजावलं. मलाही धास्ती होती. पिसांची ती बॅग घरी कपाटात आरामात झोपलेली होती.

राबानालला दुपारीच पोचलो. अंगणात ऊन होतं, दगडी भिंतीला टेकून बसावं असं. मी शेपटी ओढली आणि उरलेली सगळी लोकर चादरीवर ओतली. ढीग लहान होता. काठी उचलली. या वेळी कुणाला शिकवत नव्हते, कुणाला दाखवत नव्हते. सप्, सप्. हलक्या हातानं, घाई न करता, जशी पापा संध्याकाळच्या वेळी शेवटची गादी करायचा. लोकर एकेक पुंजका करून उलगडत गेली. एस्बेननं काठी मागितली तेव्हा दिली. तो आता शिकला होता, जमिनीला फटका लागू देत नव्हता. इत्झियार दोरा ओवून बसली होती. भरून झाल्यावर दुलई पहिल्यापेक्षा जाड दिसत होती आणि हातांवर काही आहे असं वाटतच नव्हतं. पापाचा काटा तिनं हललाही नसता. त्याला काय वाटलं असतं या विचारानं मला गंमत वाटली.

अंग दुखत होतं, हातांना लोकरीचा वास येत होता, दुकानाच्या मागच्या खोलीचा. जेवणाआधी जरा पडते म्हणून मी आडवी झाले आणि दुलई ओढली.

डोळे उघडले तेव्हा भिंतीवर ऊन होतं. मला वाटलं संध्याकाळचं. मग बघितलं तर खोली रिकामी होती, सगळ्या खाटा मोकळ्या, आणि धर्मशाळेचा माणूस केरसुणी घेऊन दारात उभा होता. तो म्हणाला की तुमच्या मैत्रिणीनं दमदाटी करून ठेवलीय, तुम्हाला उठवायचं नाही, आणि खरं तर आठ वाजता सगळ्यांना बाहेर काढायचा नियम आहे. रात्री मी जेवलेही नव्हते. एस्बेन शेजारच्याच खाटेवर होता, आणि त्याचं घोरणं मी ऐकलं नव्हतं.

काही वेळ तशीच पडून राहिले. दुलईच्या खाली अंग सैल होतं, जणू ते कुणी उसवून, उलगडून, पुन्हा भरलं होतं.

बाहेर अंगणात दोघं बसले होते, बूट घालून, पिशव्या बांधून, कधीपासून कोण जाणे. दुलई खांद्यांवर गुंडाळूनच मी जाऊन टेबलापाशी बसले. एस्बेननं माझ्याकडे नीट पाहिलं, आणि त्याच्या दाढीत हसू पसरलं. इत्झियारनं कॉफीचा कप माझ्याकडे सरकवला.

"झोप कशी झाली?" तिनं विचारलं. पहिल्यांदाच.

इतक्या वर्षांची सवय, तोंडात ठीक आलंच होतं. मी थांबले. भिंतीला पापाची काठी टेकून उभी होती, तिच्या वाकलेल्या टोकाला लोकरीचा एक धागा अडकून वाऱ्यावर हलत होता. मी दुलईची चौथी बाजू मुठीत धरली आणि मोठ्यानं, अंगणातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"छान झोप लागली, पापा."